भूकंप आला तर फ्लॅटमध्ये एक आणि गावच्या दगडी घरात दुसरंच करायचं का?

अनगोळवाली विचारते:

नमस्कार मंडळी. परवा मुलाच्या शाळेत भूकंपाची तालीम झाली. चौथीत आहे. बाईंनी शिट्टी वाजवली की बाकाखाली जायचं, एका हातानं डोकं आणि मान झाकायची, दुसऱ्या हातानं बाकाचा पाय धरायचा. साहेब घरी येऊन संध्याकाळभर डायनिंग टेबलाखाली तालीम करत होते. मग एकदम विचारलं, "आणि गावच्या घरात कशाखाली जायचं? तिथं टेबल कुठाय?"

मला काही सांगता आलं नाही, म्हणून इथं विचारतेय.

आमचा बेळगावात अनगोळला फ्लॅट आहे, तिसरा मजला, खाली नुसत्या खांबांवर पार्किंग. गावचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मंगळुरी कौलं, मधल्या खोलीवर माळा आणि माळ्यावर भाताची पोती, तांब्याचे हंडे, मोडका नांगर, काय नाही ते. सुट्टीत गेलो की आम्ही सगळे त्याच माळ्याखाली ओळीनं अंथरुणं टाकतो, कारण ती खोली गार असते.

सासूबाई कधी इथं, कधी तिथं असतात. गुडघे गेलेत, वॉकर घेऊन चालतात. टेबलाखाली जाणं सोडाच, खाली बसल्या तर उठवायला दोघं लागतात.

नवरा म्हणतो, "आपल्याकडं कधी आलाय भूकंप?" सोसायटीच्या ग्रुपवर तीन मेसेज फिरतायत. एक म्हणतो टेबलाखाली जाऊच नका, कपाटाशेजारी अंग मुडपून पडा, तिथं त्रिकोणी पोकळी राहते. दुसरा म्हणतो जिन्यानं खाली पळा. तिसरा म्हणतो दाराच्या चौकटीत उभे राहा. यातलं खरं काय धरायचं?


तंबाखूगाव:

निपाणीहून लिहितोय. तुमच्या मालकांना सांगा, आलाय की! 1967 सालचा डिसेंबर, 11 तारीख, पहाटेची वेळ. मी तेव्हा कॉलेजला नुकता जायला लागलो होतो. आधी पत्रे वाजल्यासारखा आवाज, मग फळीवरची पितळी भांडी एकेक करत खाली. आई ओरडली, "आरं उठा, हालूलालंय सगळं!" आख्खी गल्ली घोंगडी पांघरून रस्त्यावर. कडाक्याची थंडी होती, तरी उजाडेपर्यंत आत जायला कुणी तयार नव्हतं. नंतर रेडिओवर कळलं, कोयनानगर बसलं म्हणून.

आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांना सागवानी चौकटीत उभं केलं होतं. मी अजून तेच सांगतो, चौकट धरा. माणूस पळायला गेला की पडतो.


ओळंबा:

ताई, तुमच्या मुलाला बरोबर जागी अडचण दिसली. भित्तीपत्रक एकच छापतात, घरं मात्र दोन जातीची असतात. हो, दोन्हीकडे वेगळं वागायचं.

मी बांधकामातला. उभी हयात बेळगाव-खानापूरच्या साइटवर गेली. मधली काही वर्षं किल्लारीनंतर लातूर-उस्मानाबादकडे होतो, नवी घरं बांधायला आणि उभी राहिलेली जुनी घरं मजबूत करायला. त्यामुळे लिहिणं जरा लांबेल.

आधी मालकांची शंका. 2002 च्या भूकंप-क्षेत्रांच्या नकाशात बेळगाव झोन तीनमध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. कोयना झोन चारमध्ये. बेळगावहून कोयनानगर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत येतं, निपाणीहून तर त्याहून बरंच जवळ. काका सांगतात तो धक्का 6.3 चा होता, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून कोयना-वारणा पट्टा गप्प बसलेला नाही, पाचच्या वरचे धक्केच वीसहून जास्त झालेत. पूर्वेकडे बघाल तर 2021 मध्ये विजापूरच्या बाजूला जमीन पुन्हा पुन्हा हलत होती. ते धक्के छोटे होते, पण लोकांनी रात्री बाहेर काढल्या. म्हणजे रोज धसका घेऊन जगायला नको, पण "आपल्याकडं येत नाही" हेही खरं नाही.

आता गावचं घर. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, पहाटे चारला थोडा वेळ असताना. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती पोचवून लोक दमून झोपलेले. तीव्रतेचा आकडा कोयनेच्याच जवळपासचा, पण माणसं गेली दहा हजारांच्या घरात. एवढा फरक कशानं? घरांनी. भिंती जाडजूड, लोकांना वाटायचं किल्ला आहे. पण ती भिंत एक नसते, दोन असतात. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, मधे माती आणि खापऱ्यांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुणी घातलेलाच नसतो, कारण एवढा लांब दगड घडायला मजुरी जाते. जमीन हलली की दोन थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ती फुटते. त्यात वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. गळू नये म्हणून दरसाल मातीचा नवा थर, त्यामुळे छताचं वजन वाढतच गेलेलं. सगळं झोपलेल्या माणसांवर आलं.

तुमच्याकडे कौलं आहेत, ती माळवदापेक्षा पुष्कळ हलकी, हे नशीब समजा. तुमचं माळवद म्हणजे तो माळा. भाताच्या पोत्यांखाली आख्खं घर झोपवताय, ते आधी बंद करा. माझं ऐकाल तर भूकंपात काय करायचं याच्याआधी रात्री कुठं झोपायचं ते ठरवा. दोन्ही मोठे भूकंप पहाटेचे होते. अंथरूण पुढच्या खोलीत, दाराजवळ, माळा नसलेल्या बाजूला आणा. डोकं दगडी भिंतीला लावून झोपू नका, हात-दोन हात अंतर ठेवा. उकडलं तर पंखा लावा.

तिथं धक्का जाणवला आणि तुम्ही तळमजल्यावर, दार दोन-चार पावलांवर, समोर मोकळं अंगण असेल, तर बाहेर पडा. दगड-मातीच्या घरात आत थांबणं बाहेर जाण्यापेक्षा धोक्याचं असतं. पण एक ध्यानात ठेवा, कौलं आधी वळचणीला सरकून पडतात. म्हणून उशी नाहीतर पाट डोक्यावर धरून निघायचं आणि पडवीत, ओट्यावर, वळचणीखाली थांबायचं नाही. थेट अंगणाच्या मध्यात. तुमच्या भागात चिऱ्यांचं कुंपण नुसतं रचलेलं असतं, त्याच्याही लांब. भिंतीच्या उंचीपेक्षा जास्त अंतर हवं. नारळाच्या झाडाखाली आणि विजेच्या तारेखालीही नको.

दार लांब असेल, तुम्ही माळ्यावर किंवा मागच्या न्हाणीत असाल, तर पळू नका. भक्कम बाज नाहीतर शिसवी पलंग असेल त्याच्या खाली, तेही नसेल तर आतल्या बाजूला, भिंतीपासून आणि माळ्यापासून बाजूला गुडघे टेकून वाकायचं, हातांनी डोकं आणि मान झाकायची. मुलाला सांगा, टेबल नसलं तरी हात असतात.

गोठ्याचं कुणी विचारत नाही, पण खानापुरात ते विचारायला हवं. हलत असताना जनावर सोडायला आत शिरायचं नाही, आणि ते काम हमखास म्हातारी माणसं करतात. दाव्याला निरगाठ मारू नका, सुरगाठ मारा. थांबल्यावर बाहेरून ओढलं की सुटेल.

मंडळी विचारतात, बाहेर पडायला वेळ तरी मिळतो का? भूकंपाच्या दोन लाटा असतात. पहिली वेगानं येते, हलकी असते, तावदानं आणि भांडी वाजतात. दुसरी मागून येते, ती खरी हलवते. कोयनेकडून आलेला धक्का असेल तर बेळगावपर्यंत या दोन लाटांत वीसेक सेकंदांचं अंतर पडतं. केंद्र जवळच असेल तर अंतर जवळजवळ नाहीच. तेव्हा "आधी बघू या काय आहे" म्हणत लाइट लावायला उठायचं नाही. पहिल्या खडखडाटाला जे ठरलंय ते करायचं.

आता अनगोळचा फ्लॅट. इथं उलट. आत थांबायचं. तिसऱ्या मजल्यावरून वॉकर घेऊन खाली उतरेपर्यंत हलायचं थांबलेलं असतं, आणि मधल्या वेळात तुम्ही सगळे जिन्यात असता. जिना हा बिल्डिंगचा नाजूक भाग, त्यात वीस कुटुंबं एकदम. खाली दारात पोचलात तर वरून गच्चीचा कठडा, कुंड्या, एसीचं बाहेरचं युनिट. लिफ्टचं नाव काढू नका. टेबलाखाली जा, पाय धरून ठेवा. टेबल सरकतं, तुम्ही त्याच्याबरोबर सरका, म्हणून धरायचं असतं. खिडकीच्या काचा, गोदरेजचं कपाट, फ्रिज यांच्यापासून लांब. स्वयंपाक चालू असेल आणि हात पोचत असेल तरच गॅस बंद करा, नाहीतर आधी डोकं.

कपाटाशेजारी पडायचा मेसेज पुसून टाका. आपल्याकडे कपाट भिंतीला बांधलेलं नसतं, सगळ्यात आधी तेच आडवं होतं. त्याच्या शेजारी जाऊन झोपायचं म्हणजे त्याला जागा करून देणं झालं. पोकळी कुठं राहील हे आधी कुणालाच कळत नाही.

काका, तुमच्या वडिलांचं त्या घरात चुकलं नसेल. मातीच्या घरात सागवानी चौकट आणि तिच्यावरची तुळई खरोखर बाकीच्या घरापेक्षा भक्कम असायची, पडलेल्या घरात तेवढीच उभी राहिलेली मीही पाहिली आहे. पण फ्लॅटची चौकट म्हणजे फळकूट, दोन क्लॅम्पवर उभी. तिचा आधार काही नाही, उलट दार आपटून बोटं चिरडतात.

तुमच्या फ्लॅटचं मला खटकलं ते खालचं पार्किंग. 26 जानेवारी 2001 ला भुजचा भूकंप झाला, 7.7 चा. अहमदाबाद तिथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, तरी तिथल्या बिल्डिंगा बसल्या, आणि बसल्या त्यात नुसत्या खांबांवर उभ्या असलेल्या पुष्कळ होत्या. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती असतात म्हणून ते ताठ राहतात, खाली भिंतीच नाहीत, मग सगळं वाकणं त्या खांबांवर येतं. इंजिनियर याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. म्हणून घाबरून फ्लॅट विकायचा नसतो. खांब पुरेसे जाड असतील, आत सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ असतील आणि त्यांची टोकं 135 अंशांत आत वळवलेली असतील तर ते टिकतात. हे बाहेरून दिसत नाही. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला रंगाच्या आधी हा विषय घ्या, स्ट्रक्चरल इंजिनियरला नकाशे दाखवा. आणि पार्किंगमध्ये खांब फोडून कुणी पाइप घालत असेल तर आडवे पडा.


वडगावची सिस्टर:

मी नर्स आहे, सासूबाईंसारख्या पेशंटांबरोबर रोज असते, म्हणून तेवढंच लिहिते.

त्यांना पलंगावरून उठवायचं नाही. झोपल्या असतील तर कुशीवर वळवून उशी डोक्यावर आणि मानेवर धरायला लावा. हात वर जात नसतील तर उशी जवळच्या माणसानं धरायची. खुर्चीत असतील तर तिथंच पुढं वाकायचं, हात मानेवर. वॉकर घेऊन चालत असताना हललं तर जवळच्या पलंगावर नाहीतर खुर्चीवर टेकायचं, चाकाचा वॉकर असेल तर ब्रेक लावायचा. मुलगा आणि सून दोघांनी धावत येऊन बखोटीला धरून ओढायचं, हे तर करूच नका. माझ्याकडे मांडीचं हाड मोडलेल्या आज्या येतात त्या बहुतेक घाईत ओढल्यानं पडलेल्या असतात, भूकंपाची गरजच नसते त्याला.

आजच करण्यासारखं म्हणजे त्यांचा पलंग बघा. वर काय आहे? देवांच्या काचेच्या तसबिरी, घड्याळ, टीव्हीची फळी असेल तर पलंग सरकवा किंवा तसबिरी सरकवा. (देव रागावत नाहीत, सासूबाई रागावतील.) पलंगाच्या पायाला एक पिशवी बांधून ठेवा, त्यात बंद चप्पल, टॉर्च, चष्मा, गोळ्यांची पट्टी, शिट्टी. चप्पल का, तर अंधारात फुटक्या काचेवर पाय पडतो, आणि शुगर असलेल्या माणसाची ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

हलायचं थांबलं की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, वास आला तर लाइटचं एकही बटण दाबायचं नाही, चालू नाही आणि बंदही नाही. काडी पेटवायची नाही. मग जिन्यानं, कठडा धरून, सावकाश खाली. नंतरचे धक्के येतातच. गावच्या घरात तर भिंती बघितल्याशिवाय "एवढं दूध घेऊन येते" म्हणून आत जायचं नाही.

फोन 112 ला. अँब्युलन्सचा 108 कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही. आपल्या सीमेवर फोन कधी कधी पलीकडच्या टॉवरला लागतो, म्हणून पहिल्या वाक्यात गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगा. नुसतं "गांधी चौकाजवळ" सांगितलं तर असले चौक दोन्ही राज्यांत शंभर आहेत. एवढं बोलून फोन ठेवा, नातेवाइकांना मेसेज करा, लाइन मोकळी राहू दे.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये भूकंपाच्या सूचनेचं बटण असतं, ते चालू आहे का बघा. ती भविष्यवाणी नव्हे. भूकंप सुरू झाल्यावर लांबच्या फोनना आधी कळवते, एवढंच. "आज रात्री अमुक वाजता भूकंप येणार" असा मेसेज आला तर तो खोटा, कारण हे आधी सांगायची विद्या अजून जगात कुणाकडेच नाही.


अनगोळवाली:

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. मालक गप्प बसून ऐकत होते, मग उठून टीव्हीची फळी हलवून बघितली.

ओळंबाकाका, दोन प्रश्न राहिले. माळ्यावरची पोती खाली काढायला सासूबाई तयार नाहीत, खाली उंदीर लागतात म्हणतात. आणि गावचा गवंडी म्हणतोय, कौलं उतरवून वर स्लॅब घाला, एकदाच भक्कम काम होऊन जाईल. करावं का?


ओळंबा:

स्लॅब घालू नका! बरं झालं विचारलंत. हल्ली प्रत्येक गावात हेच चाललंय. दगड-मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा स्लॅब म्हणजे किल्लारीचं माळवद नव्या कपड्यात. भिंत तीच, दोन थरांची, आणि डोक्यावर आधीपेक्षा कितीतरी पट वजन. स्लॅब हवाच असेल तर पायापासून खांब उभे करून घ्या, तो खर्च वेगळा. नसेल तर कौलंच राहू द्या. वाशांना आडव्या पट्ट्या मारून एकमेकांत बांधा आणि वासे भिंतीवरच्या लाकडाला नीट जखडा, म्हणजे छप्पर एकसंध राहील.

गवंड्याला भिंत दाखवायला न्या, तुम्ही स्वतः सोबत राहा. कोपऱ्यात उभी चीर आहे का, कुठं पोट आलंय का, ते ओळंबा लावून बघायला सांगा. नंतर आरपार बांध घालायचे. आडवे साधारण चार-चार फुटांवर, उभे दोन-दोन फुटांवर, एका ओळीत न घेता आड एक. तयार लांब दगड मिळत नाही, म्हणून एकेक दगड हळूच काढून भोक पाडायचं, दोन्ही टोकांना वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. एका दिवशी एका भिंतीत एकदोनच भोकं, घाई केली तर भिंत अंगावर येते. दारं-खिडक्यांच्या वर घराला सगळीकडून फिरणारा पट्टा घ्यायचा, आतून-बाहेरून जाळी मारून सिमेंटचं प्लास्टर. चारी भिंती एकमेकींना धरतात त्यानं. लातूरकडे मजबुतीकरणाला हीच कामं केली.

पोत्यांचं सासूबाईंचं म्हणणं रास्त आहे, उंदीर आहेतच. माळ्यावरच ठेवा, पण ज्या खोलीत कुणी झोपत नाही तिच्यावर हलवा, थर कमी करा, कडेला पोती घसरू नयेत म्हणून फळी ठोका. हंडे मात्र खाली काढा. त्यांना उंदीर लागत नाहीत.

फ्लॅटमधलं कपाट बांधताना वर दोन एल-क्लॅम्प, स्क्रू तीन इंची, आणि ते विटेत नाहीतर बीममध्ये गेले पाहिजेत. प्लास्टरमध्ये लावलेला स्क्रू दात पडल्यासारखा बाहेर येतो.

गावचं काम दिवाळीनंतर काढा. जांबोटीकडचा पाऊस बघता भिंत आतून वाळायला तेवढा वेळ लागतो, आणि ओल्या भिंतीत भोक पाडायला जो गवंडी तयार होईल त्याला काम देऊ नका.